गॅरेजमध्ये नवीन आहात? थिनरच्या डब्याला हात लावण्याआधी हे वाचा

कामाला लागून सहा वर्षं झाली होती. एका संध्याकाळी गॅरेजमधून घरी जाताना उजव्या पायातली चप्पल रस्त्यात निसटली आणि मी तसाच दहा-बारा पावलं पुढे गेलो. मागून एका पोराने हाक मारली, "दादा, चप्पल!" तेव्हा कुठे खाली बघितलं. पायाखाली खडी होती आणि मला ती जाणवत नव्हती.

पुढचे चार महिने साखर तपासण्यात, बी-१२ची इंजेक्शनं घेण्यात आणि कंबरेचा एमआरआय काढण्यात गेले. शेवटी पुण्यातल्या एका न्यूरोलॉजिस्टनी विचारलं, "काम काय करता?" तोवर तंबाखू खाता का, दारू पिता का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. दिवसभर हात कशात बुडवून बसता, हे कुणीच विचारलं नव्हतं.

मी डेंटिंग-पेंटिंग आणि सर्व्हिसिंग दोन्ही करत होतो. ब्रेक क्लीनरचे स्प्रे, सीट कव्हर चिकटवायचा गम, रंग मारायची स्प्रे गन धुवायला थिनर आणि हात धुवायला पेट्रोल, असा दिवस जायचा. आता स्वतःचं गॅरेज आहे. नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या आठवड्यात जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितोय. घरी स्वतः गाडी उघडणाऱ्यांना आणि फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

१. डब्यात नेमकं काय आहे ते आधी शोधा

"थिनर" हे पदार्थाचं नाव नाही, टोपणनाव आहे. एनसी थिनरमध्ये (म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या रंगात मिसळायच्या) टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटोन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट असं काहीही कमी-जास्त प्रमाणात असू शकतं. स्वस्त मालात मेथनॉलही असतं. हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या बाटलीत सुटं मिळणारं थिनर तर कुणाच्या बापालाही ओळखता येणार नाही. म्हणून पहिला नियम: लेबल नसलेलं सुटं थिनर घ्यायचं नाही. लिटरमागे वाचणारे पैसे वाचू द्या दुसऱ्याचे.

लेबल असेल तर त्यावर किंवा कंपनीच्या सुरक्षा माहितीपत्रकावर (सगळे त्याला एसडीएस म्हणतात, त्याचे १६ भाग असतात) घटकांची नावं मिळतात. विक्रेत्याकडे एसडीएस मागा. "असलं काही नसतं" असं तो म्हणाला, तर कंपनीच्या वेबसाइटवर शोधा. सोळाच्या सोळा भाग वाचायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके असतात, तिसऱ्यात घटक, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे आणि मास्क. एवढं पुरे.

नावं लांबलचक असतात आणि एकाच रसायनाला तीन-तीन नावं असतात. त्यापेक्षा कॅस नंबर बघा. तो प्रत्येक रसायनाचा आधार क्रमांक समजा, कधी बदलत नाही. आमच्या भिंतीवर हे सहा लिहून ठेवलेत:

- बेन्झीन, ७१-४३-२. रक्ताचा कर्करोग करतं, याबद्दल आता वाद उरलेला नाही. आपल्या बीएस-६ पेट्रोलमध्ये ते आकारमानाने १ टक्क्यापर्यंत चालतं. म्हणजे पेट्रोलने पार्ट धुणं हे बेन्झीनमध्ये हात घालणंच आहे.
- एन-हेक्झेन, ११०-५४-३. माझा पाय यानेच बधिर झाला, असं डॉक्टरांचं मत पडलं.
- डायक्लोरोमिथेन, ७५-०९-२. लेबलवर मिथिलीन क्लोराइड असंही लिहिलेलं असतं. पेंट रिमूव्हरमध्ये सापडतं.
- ट्रायक्लोरोइथिलीन, ७९-०१-६. ग्रीस काढायच्या द्रवात असतं. मूत्रपिंडाचा कर्करोग करतं.
- मेथनॉल, ६७-५६-१. डोळे घालवतं. २०१५ साली मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, त्या दारूत हेच होतं.
- टोल्युइन, १०८-८८-३. हे तर आमच्याकडे पाण्यासारखं वापरलं जातं.

हेक्झेनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते फसवं आहे. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, वास पेट्रोलसारखाच, ओळखीचा. पण शरीरात गेल्यावर त्याचं रूपांतर अशा पदार्थात होतं जो लांब नसांना आतून सुजवतो. सगळ्यात लांब नस पायाच्या बोटांपर्यंत जाणारी, म्हणून सुरुवात तिथून होते. मोजे घातल्यासारखं वाटतं, मग हाताला, मग शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात. १९९९-२०००च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेकॅनिकांमध्ये हाच आजार सापडला होता. कारण ब्रेक क्लीनरच्या स्प्रेमधलं हेक्झेन. सोबत अ‍ॅसिटोन असेल तर हेक्झेनचा त्रास वाढतो. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: वापर बंद केल्यावरही काही आठवडे ते महिने त्रास वाढतच राहतो, मग हळूहळू उतरतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. काम सोडूनही पाय बिघडतोय म्हटल्यावर मी घाबरून अर्धा झालो होतो.

डायक्लोरोमिथेनची तऱ्हा वेगळी. ते शरीरात गेलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जो माणूस मारतो तोच वायू, पण आपल्या स्वतःच्या रक्तात. ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याने या डब्याजवळ जाऊच नये. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना रंग काढताना १३ कामगार याने मेले. तिथे २०१९मध्ये घरगुती ग्राहकांना असे पेंट रिमूव्हर विकणं बंद झालं आणि २०२४मध्ये बाकीच्या बहुतेक वापरांवरही बंदी आली. आपल्याकडे लेबल बघूनच घ्यायचं. पत्र्यावरचा रंग काढायला आम्ही आता पॉलिश पेपर आणि हीट गन वापरतो. वेळ जातो, जाऊ दे. (जुन्या रंगात शिसं असतं, तेव्हा तिथेही धुळीचा मास्क हवाच.)

२. नाकावर भरवसा ठेवू नका

"वास येत नाही म्हणजे काही नाही" आणि "वास सवयीचा झाला की त्रास होत नाही" ही दोन वाक्यं प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडी असतात. दोन्ही चूक. बेन्झीनचा वास बहुतेकांना हवेत दहा लाखात साधारण ६० भाग झाल्यावर येतो. अमेरिकेत दिवसभराच्या कामासाठी मर्यादा आहे १ भाग. म्हणजे वास आला तेव्हा मर्यादा कधीच मागे पडलेली असते. आणि थिनरचा वास अर्ध्या तासाने येईनासा होतो, कारण नाक थकतं. थिनर तिथेच असतं.

नाकापेक्षा ही लक्षणं बघा: दुपारनंतर डोकं जड होणं, दारू न पिता झिंग वाटणं, संध्याकाळी घरच्यांवर विनाकारण चिडणं, रविवारी बरं वाटणं आणि सोमवारी दुपारी परत तेच. वर्षानुवर्षं हे चाललं तर विसराळूपणा कायमचा होतो. डेन्मार्क-स्वीडनकडे रंगाऱ्यांमध्ये हे इतकं दिसलं की तिथे त्याला रंगाऱ्यांचा आजारच म्हणायला लागले. टोल्युइनने कानही जातात, आणि सोबत ठोकाठोकीचा आवाज असेल तर जास्त लवकर. डेंटिंगवाले मोठ्याने बोलतात ते उगाच नाही.

३. काय काय विकत आणायचं

- अर्धा चेहरा झाकणारा, कार्ट्रिज बदलता येणारा रबरी मास्क
- सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज आणि त्यावर लावायचे धुळीचे फिल्टर
- नायट्राइलचे हातमोजे, पातळ आणि जाड दोन्ही
- बाजूने बंद असलेला चष्मा
- घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, चिंध्यांसाठी
- झिपवाल्या मोठ्या पिशव्या
- वही आणि मार्कर

सगळ्यात मोठी फसगत मास्कची होते. नाकाला रुमाल, कोविडच्या वेळचा निळा मास्क किंवा एन-९५, यातलं काहीही वाफ अडवत नाही. एन-९५ धूळ अडवतो. वाफ अडवायला कोळशाची, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची कार्ट्रिज लागते. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजवर तिचा पट्टा तपकिरी असतो, अमेरिकन पद्धतीच्या काळा. ऑनलाइन घेताना फोटोत हा पट्टा दिसतो का ते बघा. नुसतं "केमिकल मास्क" असं लिहिलेलं घेऊ नका.

मास्क घातल्यावर दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाका आणि श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तर ठीक. बाजूने हवा आली तर पट्टे आवळा. दाढी असेल तर तो कधीच नीट बसणार नाही. आमच्या एका पोराने लग्नासाठी वाढवलेली दाढी काढायला साफ नकार दिला. मग त्याला महिनाभर गन दिलीच नाही, नटबोल्ट दिले.

कार्ट्रिज खुंटीला लटकवून ठेवू नका. कोळसा रात्रभर हवेतलं थिनर पीत राहतो आणि सकाळी निम्मी कार्ट्रिज संपलेली असते. काम झालं की लगेच झिपच्या पिशवीत. उघडली त्या दिवसाची तारीख मार्करने वरच लिहा. मास्क घालूनही वास आला तर ती संपली, त्याच क्षणी बदला. मेथनॉल आणि डायक्लोरोमिथेन मात्र कोळशातून फार लवकर निसटतात, तिथे हा मास्क कामाचा नाही.

टू-के पेंटचं, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगाचं, हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा भाग) वेगळंच प्रकरण आहे. त्यात आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागतो आणि एकदा लागला की पुढे नुसत्या थोड्याशा वाफेनेही छाती भरते. चांगले चांगले पेंटर धंदा सोडून बसलेले मी बघितलेत. त्यासाठी बाहेरची स्वच्छ हवा नळीने आणणारा मास्क आणि बंद बूथ, म्हणजे रंग मारायची वेगळी बंद खोली, हवं. ते नसेल तर टू-केचं काम घेऊ नका, बूथवाल्याकडे द्या.

हातमोज्यांचं थोडक्यात: डॉक्टरी पांढरे लॅटेक्सचे मोजे पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होतात. नायट्राइल पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइनला बरे टिकतात. थिनर आणि अ‍ॅसिटोन पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांत पार होतं, म्हणून थिनर उडालं की मोजे लगेच फेकायचे. "अजून फाटले नाहीत" हा निकष नाही.

४. जागा कशी ठरवायची

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, थिनरचीही जडच. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते आणि खड्ड्यात साचते. गाडीखाली काम करायच्या पिटमध्ये म्हणूनच पेट्रोल, थिनर, स्प्रे क्लीनर काहीही वापरायचं नाही. वर शटर उघडं आहे, याचा पिटमधल्या माणसाला काही उपयोग नाही.

छताचा पंखा वाफ फक्त ढवळतो. टेबल फॅन घ्या, तो आपल्या पाठीमागे, स्वच्छ हवेच्या बाजूला ठेवा आणि वाफ समोरच्या दारातून बाहेर जाऊ द्या. पंखा वाफेच्या वाटेत ठेवू नका, मोटरच्या ठिणगीला तेवढं पुरतं.

आणि वेल्डिंग. क्लोरीनवाल्या क्लीनरने पार्ट पुसला आणि ओला असतानाच वेल्डिंग केलं, तर फॉस्जीन तयार होतो. तो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरलेला आहे. त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे माणूस घरी जाऊन जेवून झोपतो आणि रात्री फुप्फुसात पाणी होतं. लेबलवर "क्लोरो" दिसलं की तो डबा वेल्डिंगच्या बाजूला फिरकू द्यायचा नाही.

५. हात पेट्रोलने धुऊ नका

ही सवय मोडायला मला सर्वात जास्त वेळ लागला. ऑइलचा डबा आडवा कापून त्यात पेट्रोल, संध्याकाळी सगळे त्याभोवती बसून हात धुणार. काळं झटकन निघतं हे खरं. पण कातडीचं तेलही निघतं, बोटांच्या पेरांवर पांढऱ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून पुढचं सगळं आत जातं. घरी गेल्यावर भाकरीलाही पेट्रोलचा वास यायचा, आई ताटाला हात लावू द्यायची नाही.

आता आम्ही आधी खोबरेल किंवा साधं गोडंतेल चोळतो, भुसा नाहीतर चिंधीने पुसतो आणि मग साबण. तीन मिनिटं लागतात. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदला, लहान मुलाला उचलून घेण्याआधी तर नक्कीच.

६. साठवण आणि चिंध्या

कोल्ड्रिंकच्या बाटलीत थिनर, रॉकेल, टर्पेंटाइन, कूलंट भरायचं नाही. यावर चर्चा नाही. उन्हाळ्यात तहानलेलं पोर झाकण उघडतं आणि घोट घेतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल तर चवीला गोड असतं, मूत्रपिंडं बंद पाडतं. कुत्रीही सांडलेलं कूलंट चाटून मरतात.

मूळ डब्यातच ठेवा, झाकण घट्ट. पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये. विक्रीसाठी नसेल तर पेट्रोल ३० लिटरपर्यंत बिनपरवाना ठेवता येतं, पण येतं म्हणून ठेवू नका, जिन्याखाली तर मुळीच नाही.

लाकडाला जवसाच्या तेलाचं पॉलिश करणाऱ्यांसाठी: त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर काडी न लावता पेट घेतात. तेल हवेत वाळताना गरम होतं आणि बोळ्यातून ती उष्णता बाहेर पडत नाही. पत्र्याच्या डब्यात पाणी घालून बुडवून ठेवा.

गन धुतलेलं थिनर गटारात ओतू नका. झाकणबंद डब्यात दोन दिवस ठेवलं की रंग तळाशी बसतो, वरचं स्वच्छ थिनर पुढच्या धुण्याला चालतं. खालचा गाळ धोकादायक कचरा म्हणून वेगळा द्यायचा, ओल्या-सुक्यात मिसळायचा नाही.

७. घरी रंगकाम असेल तर

ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन असेल तर गरोदर बाई, तान्हं बाळ आणि दमेकरी यांना काही दिवस नातेवाइकांकडे पाठवा. खिडक्या समोरासमोरच्या उघडा. एसी लावून रंग वाळवू नका, तो खोलीतलीच हवा फिरवतो. देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅस, सगळं बंद. देव चार दिवस समजून घेतो.

पाण्याची टाकी आतून रंगवायची असेल तर ते काम तुमचं नाही. बंद टाकीत सॉल्व्हंटचा रंग लावताना माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

८. अपघात झाला तर

पोटात गेलं: पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर गिळलं तर उलटी काढायची नाही. मिठाचं पाणी, घशात बोट, काही नाही. पोटात असताना होतो त्यापेक्षा मोठा घोळ उलटी होताना ते फुप्फुसात गेल्यावर होतो. नळीने तोंडाने पेट्रोल ओढताना ठसका लागला, तरी हाच धोका. खोकला थांबत नसेल तर वाट न बघता दवाखाना. मेथनॉल किंवा कूलंट असेल तर "आता बरा दिसतोय" यावर जाऊ नका. मेथनॉलने दृष्टी अंधूक व्हायला बारा-चोवीस तासही लागतात, उपचार त्याआधी हवेत.

डोळ्यात उडालं: वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून.

पिटमध्ये किंवा टाकीत कुणी पडलं: मागोमाग उडी मारू नका. अशा ठिकाणी वाचवायला गेलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो. ओरडा, माणसं जमवा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

पंक्चरचं सोल्यूशन हुंगणारं पोर दिसलं: ओरडू नका, पाठलाग करू नका. त्या वाफेने हृदय इतकं नाजूक झालेलं असतं की दचकून पळाल्यावर ते थांबू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत आणा.

रुग्णवाहिका १०८, एकत्रित आपत्कालीन क्रमांक ११२. विषबाधेची माहिती दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय केंद्राकडून १८००-११६-११७ या टोल-फ्री क्रमांकावर मिळते, तो डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

९. डॉक्टरांकडे जाताना

कागद हे न्या: वापरत असलेल्या प्रत्येक डब्याच्या लेबलचे फोटो, मिळाले असतील ते एसडीएस, किती वर्षं आणि दिवसातले किती तास वापरता याची एका पानावर नोंद, जुने रक्ताचे रिपोर्ट. त्रास सुट्टीच्या दिवशी कमी होतो का, हे आवर्जून सांगा. डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका.

बधिरपणा असेल तर नसांची वहनक्षमता मोजणारी तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करायला सांगतील. पेट्रोलमध्ये काम असेल तर वर्षातून एकदा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करून घ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा. एकाच रिपोर्टपेक्षा पाच वर्षांत पांढऱ्या पेशी कशा खाली येत गेल्या हे जास्त बोलतं. टोल्युइनसाठी शिफ्ट संपताना लघवीतलं हिप्युरिक आम्ल बघतात. त्याआधी बाजारचं लोणचं, सॉस, कोल्ड्रिंक टाळा, त्यातल्या सोडियम बेंझोएटने आकडा उगाच वाढतो. हेक्झेनची वेगळी तपासणी असते, ती मोठ्या शहरातल्या लॅबमध्येच विचारावी लागेल.

आणि फोटोच न्या, डबा नको. मी न्यूरोलॉजिस्टकडे गमचा डबाच पिशवीतून घेऊन गेलो होतो. झाकण सैल होतं. बाहेर नंबर लावून बसलेल्या दहा-पंधरा जणांचं डोकं दुखायला लागलं, आणि त्या दिवशी माझा नंबर सगळ्यांच्या आधी लागला.